पाय ओढेपर्यंत

बिरप्पाच्या पायातून रक्त येतंय हे घरात सगळ्यांच्या आधी कुत्र्याला कळलं. सुकन्यानं सकाळी अंगण सारवलं होतं आणि ती चुलीकडं वळली होती. बाहेर कुत्रं चपचप करत काहीतरी चाटतंय असं ऐकू आलं म्हणून ती वाकून बघायला गेली, तर ओल्या सारवणावर मेंढरं कोंडायच्या जाळीपासून थेट उंबऱ्यापर्यंत लाल ठसे उमटलेले. सगळे उजव्या पायाचे. आधी तिला सारवण बिघडल्याचाच राग आला. सासरा उंबऱ्यात उभा राहून चहा पीत होता. चहा प्यायला म्हणून तो कधी खाली बसला नव्हता.

"मामा, पायाला काय झालंय?"

"कुनाच्या?" बिरप्पा म्हणाला.

त्याच्या टायरच्या चपलेतून वेड्या बाभळीचा बोटभर काटा आरपार गेला होता आणि चप्पल पायाला शिवल्यासारखी बसली होती. सुकन्यानं चप्पल ओढली तेव्हा काटा, चप्पल आणि कातड्याचा एक तुकडा असं सगळं एकदमच हातात आलं. बिरप्पानं चहाचा घोट घेतला. त्याच्या तोंडावरची रेघ हलली नाही.

"काल सांजंला वड्याकडं गेल्तो. तितं घुसला असंल," तो म्हणाला. "कळलं न्हाय. पाय तयार झाल्यात माझं."

हे तो अभिमानानं म्हणाला. साखरेचा आजार होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती आणि गोळ्या तो प्रसादासारख्या खायचा, आठवण झाली तर आणि कुणी हातावर ठेवल्या तर. साठी उलटून गेली तरी पायाला भिंगरी होती. सांगोल्याच्या पश्चिमेच्या माळावर खडकवस्ती म्हणून दहा-बारा धनगरांची घरं आहेत. तिथं त्याच्याइतका चाललेला माणूस नव्हता. दिवाळी झाली की वस्तीवरची मेंढरं भीमेच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यात निघतात, शेताशेतांत बसतात आणि पाऊस लागला की परत येतात. पोरवयापासून बिरप्पानं हे जाणं एकदाही चुकवलं नव्हतं. आता दिवाळी महिन्यावर आली होती.

म्हाळसाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पाय उजेडाला धरला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला दिसलं काहीच नाही, पण वास आला.

"आवं, ही आजची जखम न्हाय," ती म्हणाली. "ही सडल्याली हाय."

अंगठ्याच्या बुडाशी तळव्यावर जुना भोवरीसारखा घट्टा होता. काट्यानं फक्त त्याचं झाकण उघडलं होतं. आत बोटाचं पेर जाईल एवढं भोक होतं.

*

सिद्धराम, सुकन्याचा नवरा, मेंढरांमागं गेला आणि सुकन्या सासऱ्याला घेऊन वडापच्या जीपनं सांगोल्याला सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई वयानं सुकन्याएवढीच होती. तिनं एक जाड दोऱ्यासारखी काडी काढली आणि बिरप्पाला डोळे मिटायला सांगितलं.

"मी पायाला ही टेकवते. लागली की 'लागलं' म्हणा."

बिरप्पानं डोळे मिटले. बाईनं काडी टेकवली. तो गप्पच. मग आपल्याकडून काहीतरी चुकतंय हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं अंदाजानं सुरू केलं, "लागलं. लागलं. हितं लागलं की." तोवर बाईनं काडी केव्हाच उचलली होती. ती सुकन्याकडं बघत राहिली. सुकन्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाच्या यात्रेत शंभर माणसांचा वाद मिटवणारा माणूस खुर्चीत डोळे मिटून पोरासारखा खोटं बोलत होता.

बाईनं जखम धुतली, मग चिमट्यानं धरून पिवळं-काळं मेलेलं मांस कापायला घेतलं. आता मात्र बिरप्पा पुढं वाकला. असं काम त्याला चांगलं समजत होतं. पावसाळ्यात मेंढराला खुरी होते, खुराच्या बेचक्यात सडतं. तेव्हा वस्तीवरची मेंढरं त्याच्याकडेच येत.

"बरुबर हाय," तो म्हणाला. "सडकं काडलं की भरून येतंय. आजून काडा की."

"आज इतकंच. दर आठवड्याला आणा, मी बघून काढीन. घरी कुणी ब्लेड लावायचं नाही." बाई सुकन्याकडं वळली. "घरी रोज दोनदा धुवायचं. सलाईनचं पाणी देते. संपलं तर पाणी चांगलं उकळून, त्यात मीठ टाकून, झाकून गार करायचं. किती मीठ ते सिस्टर दाखवतील. सिरिंजनं वरून हळू धार सोडायची, रगडायचं नाही. पाय बादलीत बुडवून ठेवायचा नाही. स्पिरिट नको, फेसाचं औषध नको."

"फेस आला न्हाय तर धुतलं कसं म्हनायचं?" बिरप्पानं विचारलं.

"फेसानं घाण मरते आणि नवीन मांसही मरतं, आजोबा. साधं पाणीच पुष्कळ आहे. आणि पाय टेकायचा नाही. संडासला जाल तेवढंच, तेही काठी घेऊन टाचेवर."

"किती दिस?"

"भरेपर्यंत."

"दिवाळी झाली की मेंढरं निघायची हायती."

"हा पाय असा चालवलात तर कापावा लागेल," बाई सरळ म्हणाली. "घरी धुणार कोण?"

दसऱ्याला सोनं देऊन सून वाकते आणि पायाला बोटं टेकवते, तेवढाच काय तो सुनेचा आणि सासऱ्याच्या पायाचा संबंध. तळवा वर करून मांडीवर घ्यायचा म्हणजे भलतंच. बिरप्पा भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडं बघत बसला.

"सासूला दिसत न्हाय," सुकन्या म्हणाली. "म्या धुते."

*

पहिल्या दिवशी बिरप्पानं धोतरानं पाय पोटरीपासून घट्ट झाकून घेतला आणि तळवा तेवढा बाहेर ठेवला. सुकन्यानं पदर तोंडावर ओढला. मग तिला दिसेना म्हणून परत मागं सारला. दोघांनाही कुठं बघावं कळत नव्हतं. म्हाळसाबाई मध्ये बसून होती, राखण केल्यासारखी.

"आवं, जरा सैल सोडा की पाय. पोरगी काय खातीय व्हय तुमास्नी?"

"तू गप."

सुकन्यानं हात साबणानं धुतले, सिरिंज भरली, धार सोडली. पाणी भोकात जाऊन गढूळ होऊन बाहेर यायचं, खालच्या ताटलीत पडायचं. स्वच्छ येईपर्यंत ती सोडत राहायची. मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, ओली जाळीची पट्टी पिळून जखमेत हलकी बसवायची, वर कोरडी पट्टी. शिकल्याप्रमाणे सगळं. पहिल्या दिवशी वासानं तिला उमासा आला. तो तिनं गिळला, पण बिरप्पानं तो बघितला आणि त्या सांजेला तो जेवला नाही.

हळूहळू हात बसला. वास कमी झाला. पण जखमेचं काम एकीकडं आणि माणसाचं एकीकडं. बिरप्पा बाजेवर बसायचा म्हणजे नुसतं बूड टेकायचा. मान सारखी जाळीकडं. कोणती मेंढी लंगडते, कोणतं कोकरू आईला चुकलं, कुणाच्या लोकरीत गोखरू भरलंय, सगळं त्याला बाजेवरून दिसायचं आणि दिसलं की तो उठायचा. सुकन्या पाण्याला गेली की उठायचा. म्हाळसाबाईचा डोळा लागला की उठायचा. विचारलं तर "म्या? हितंच हाय की." पण दिवेलागणीला पट्टी सोडली की पट्टीत माती असायची, एकदा तर लेंडी निघाली.

सुकन्यानं ती लेंडी चिमट्यात धरून त्याच्यापुढं केली. ती सून होती, कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती.

"हे काय हाय, मामा?"

बिरप्पानं बघितलं. "लेंडी," तो म्हणाला.

"बाजंवर कशी आली?"

म्हाळसाबाईला हसू आवरेना. तिनं तोंडाला पदर लावला. सुकन्या हसली नाही. तिला रडू येत होतं. दिवसातनं दोनदा हात पाण्यात घालून ती जे भरून आणायची ते हा माणूस चार पावलांत उधळून लावायचा.

दर आठवड्याला बाई थोडं कापायची, थोडं ठेवायची, आणि "बघू" म्हणायची. हे 'बघू' बिरप्पाला झोंबायचं. खुरी झालेलं मेंढरू तो एका बैठकीत मोकळं करायचा. पाय गुडघ्यात दाबायचा, चाकूनं सडकं काढत जायचा, आणि मेंढरानं पाय ओढला की थांबायचा. पाय ओढला म्हणजे जितं मांस आलं. मग मोरचुदाची निळी पूड भरायची. आठवड्यात मेंढरू माळावर. आणि हिला बघा, शिकलेली बाई, महिना झाला तरी चिमटीनं काढतेय.

दिवाळी झाली. समोरच्या वाटेनं एकामागून एक कळप निघाले. घोड्यांवर बिऱ्हाडं, वर कोंबड्या, पोरं. जाणारे हाळी देत, "बिरप्पा, येतोस न्हवं मागनं?" आणि हा बाजेवरून हात वर करी. माळावर आता काडी उरली नव्हती. मेंढरं जाळीच्या आत राहून एकमेकांची लोकर चावायला लागली.

एका सकाळी सिद्धराम बाजेच्या पायथ्याशी येऊन बसला. जे बोलायचं ते त्यानं जमिनीकडं बघून बोलून टाकलं.

"आबा, ह्या साली तुमी ऱ्हावा. सुकन्या बी ऱ्हाईल. म्या आन बिरुदेव जातो." बिरुदेव बिरप्पाचा पुतण्या, शेजारच्याच घरात राहणारा.

"कळपाम्होरं कोन?"

"म्या."

बिरप्पानं मुलाकडं बघितलं. "बरं," एवढंच म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की सिद्धरामला बरं वाटलं. सुकन्याला मात्र ते खरं वाटलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धराम मेंढरं घेऊन ओढ्याकडं गेला होता. सुकन्या टँकरच्या पाण्याला. टँकरवर भांडणं लागली म्हणून तिला वेळ झाला. दोन घागरी घेऊन ती आली तर बाज रिकामी. म्हाळसाबाई भिंतीला टेकून घोरत होती.

तिनं घागरी ठेवल्या. हाक मारली नाही. जाळीच्या पलीकडं, जिथं मेंढरांची खुरं काढायचा दगड होता, तिथं तिला पटक्याचं टोक दिसलं.

बिरप्पा दगडावर बसला होता. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर आडवा दाबलेला, जसा मेंढराचा दाबतात. हातात खुरं काढायचा चाकू. खाली मातीत रक्त, काळपट, भरपूर. अंगठ्याच्या बुडाशी भोक राहिलं नव्हतं, तिथं आता खोबण झाली होती, आणि खोबणीच्या तळाशी पांढरं दिसत होतं. त्यावर अर्धवट भुरभुरलेली मोरचुदाची निळी पूड. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर कसलीही कळ नव्हती. नुसता घोटाळा होता, नेहमीचं काम हातात असून जमत नाही म्हणून.

"अजून वढला न्हाय बग पाय," तो म्हणाला.

सुकन्यानं त्याच्या हातातला चाकू काढून लांब फेकला.

"त्यो वढणारच न्हाय, मामा," ती म्हणाली. "त्याला कळतच न्हाय. त्येच तर सांगत हुती बाई. त्यो हाडापतोर कापला तरी वढायचा न्हाय."

बिरप्पानं पायाकडं बघितलं. पांढरं काय आहे ते आता त्याला उमगलं असावं, कारण त्यानं धोतराचा सोगा पायावर ओढला.

"म्या वाट बगत हुतो," तो म्हणाला.

ती धावत आत गेली. उकळून झाकून ठेवलेलं सगळं पाणी पातेल्यासकट आणलं. मोरचूद आत राहिलं तर जितंही जळणार हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती धार सोडत राहिली. निळं पाणी, मग तांबूस निळं, मग लाल. पातेलं रिकामं झालं. स्वच्छ कापड दाबून तिनं पट्टी आवळली, बिरुदेवला हाका मारल्या आणि त्याच्या छोट्या टेम्पोत सासऱ्याला निजवलं. पाय तिनं सोलापूर येईपर्यंत आपल्या मांडीवर वर उचलून धरला होता. धोतर कुठवर सरकलंय, पदर कुठं आहे, हे दोघांनीही बघितलं नाही.

*

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात अंगठा गेला आणि अंगठ्यामागचं हाडही गेलं. टाके घालून जखम बंद केली नव्हती, उघडीच ठेवली होती.

"आतून भरत वर यायला पाहिजे," तिथल्या डॉक्टरनं मागून येऊन पोचलेल्या सिद्धरामला सांगितलं. "पाय वाचला असं आत्ताच म्हणू नका. पुन्हा घाण गेली किंवा हे चालले, तर गुडघ्याखाली काढावा लागेल."

"किती दिस?" सिद्धरामनं विचारलं, आणि घरी रोज ऐकलेलं बापाचंच वाक्य आपल्या तोंडून आल्यावर तो वरमला.

घरी आल्यावर बिरप्पा बदलला असं म्हाळसाबाई सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे तो बदलला नव्हता. रात्रंदिवस चुळबुळ तशीच, मान जाळीकडं तशीच. पण उठत नव्हता. उठावंसं वाटलं की बाजेच्या गाताला, कडेच्या दांड्याला, दोन्ही हातांनी धरून बसायचा. सुकन्या पातेलं घेऊन आली की स्वतःच धोतर वर घेऊन पाय पुढं करायचा आणि सगळं नीट बघायचा. जखमेत कडेनं बारीक लाल दाणे दिसायला लागले तेव्हा ते आधी त्यालाच दिसले.

"हे जितं हाय का?" त्यानं विचारलं.

"जितं हाय."

"तुला कसं कळतंय?"

"बाईनं दाखवलंय. लाल आन ओलसर असलं की जितं."

त्यानं ते मनात घातलं. दुसऱ्या दिवसापासून पट्टी सुटली की तो आधी रंग बघायचा.

मेंढरं मात्र थांबणार नव्हती. आणखी राहिली असती तर मेली असती. सिद्धराम आणि बिरुदेवनं घोडा लादला, जाळ्या गुंडाळल्या. सकाळची धुण्याची वेळ होती आणि सुकन्यानं ती चुकवली नाही. कळप निघतोय म्हणून बिरप्पाची बाज अंगणात आणली होती. ती समोर बसली, पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली आणि सिरिंज भरली.

सिद्धराम वाटेवर जाऊन उभा राहिला आणि त्यानं हाळी दिली. मेंढरं जाळीच्या तोंडातून बाहेर आली, अंगणाच्या कडेला आली आणि थांबली. पुढची मेंढी मान वर करून उभी राहिली, मागची तिच्यावर आदळली. सिद्धरामनं पुन्हा हाळी दिली. मेंढरं गोल फिरली आणि परत तिथंच. बिरुदेव मागून हुसकावत होता, कुत्रं भुंकत होतं, घोडा बुजत होता. सिद्धराम तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा त्याचा आवाज चिरकला.

"चार पावलं," बिरप्पा म्हणाला. "नुसता वळणापतोर जातो. टाचंवर जातो. मला बगितलं की निगत्याली."

"न्हाय."

"पोरी, त्येच्यानं व्हत न्हाय. बग की."

"व्हईल न्हायतर न्हाय व्हनार. तुमी उठायचं न्हाय."

त्यानं बाजेवर हात रोवले. पाय तिच्या मांडीवर होता, जखम उघडी होती. त्यानं जरा रेटलं असतं तरी ती मागं पडली असती. तिनं त्याचा घोटा दोन्ही हातांनी पकडला. इतका घट्ट तिनं तो आजवर कधीच धरला नव्हता. बिरप्पानं तिच्या हातांकडं बघितलं. मग रोवलेले हात त्यानं सैल सोडले.

पण गप बसवेना. त्यानं मान वर केली आणि बाजेवरूनच हाळी दिली, लांब, खालच्या सुरात, जशी तो आयुष्यभर देत आला होता.

सगळ्या कळपानं एकदम कान टवकारले. आणि सगळा कळप वळून अंगणात घुसला. बाजेभोवती लोकरीची दाटी झाली, मेंढरं त्याच्या हाताला, गुडघ्याला तोंडं लावू लागली, खुरांनी धुरळा उठला. सुकन्यानं जाळीची पट्टी जखमेवर टाकली, वरून पदर पसरला आणि ती पायावर ओणवी झाली. मेंढरं तिच्या पाठीला घासत होती.

सिद्धराम धावत आला. घामानं डबडबलेला, बिरुदेवसमोर लाजलेला.

"आबा," तो म्हणाला, "तुमी बोलू नगा. तुमचा आवाज आला की ती हिकडंच येत्यात."

म्हाताऱ्याला ते कळायला वेळ लागला नाही. त्यानं उशाचं घोंगडं ओढलं आणि डोक्यावरून घेतलं. पार खालपर्यंत, तोंड झाकेल असं. आत त्यानं घोंगड्याचाच बोळा तोंडात धरला असावा, कारण घोंगडं तोंडापाशी आत ओढलं गेलं. मेंढरं घुटमळली. त्यांनी घोंगडं हुंगलं, वाट बघितली. मग वाटेवरून सिद्धरामची हाळी आली. या वेळी त्यानं ती घाई न करता, खालच्या सुरात दिली. पुढची मेंढी वळली. तिच्यामागं दुसरी, आणि मग सगळी हलली.

धुरळा बसल्यावर सुकन्यानं पदर काढला, पट्टी उचलून टाकून दिली आणि पुन्हा पाणी भरलं. धार सोडली. आधी माती आली, मग पाणी स्वच्छ यायला लागलं. आत सगळं लाल होतं. घोंगड्याखाली खांदे हलत होते. तिनं तिकडं बघितलं नाही.

"गेली का?" आतून अगदी हळू आवाज आला.

तिनं वाटेकडं बघितलं. शेवटची पाच-सहा मेंढरं अजून वळणावर रेंगाळत होती.

"अजून न्हाय, मामा. गप ऱ्हावा."

घोंगड्याखाली त्यानं मान हलवली आणि तो गप राहिला.